दौंडला वाफेची इंजिनं मुक्कामाला यायची तेव्हा लोको शेडमध्ये काय काय चालायचं?

पुण्याहून नगरकडे रेल्वेने जाणाऱ्यांना दौंडची एक गंमत वर्षानुवर्षं पाठ होती. गाडी दौंड जंक्शनला थांबायची, पुढचं इंजिन सुटायचं, गाडीच्या मागच्या टोकाला इंजिन लागायचं आणि गाडी आली त्याच दिशेने निघायची. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटायचं, गाडी परत पुण्याला चालली की काय!

आता दौंड कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्यांना हा वळसा घ्यावा लागत नाही. पण वाफेच्या काळात हे प्रकरण वाटतं तितकं साधं नव्हतं. डिझेलचं किंवा विजेचं इंजिन दोन्ही दिशांना चालवता येतं. वाफेच्या इंजिनाला मात्र तोंड आणि पाठ होती. त्याला वळवावं लागायचं, त्याची राख काढावी लागायची, त्याला कोळसा भरवावा लागायचा, पाणी पाजावं लागायचं. हे सगळं जिथे व्हायचं ती जागा म्हणजे लोको शेड.

शेड म्हटलं की डोळ्यांसमोर पत्र्याचं छप्पर येतं. प्रत्यक्षात छप्पर हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. लोको शेड म्हणजे कोळशाचं आगार, पाणीपुरवठा योजना, दुरुस्तीचा कारखाना आणि शेकडो माणसांच्या ड्युटीचं ऑफिस, असं सगळं एकाच आवारात. आणि ज्या गावात हे आवार आलं, त्या गावाचं नशीब बदललं.

शेड दौंडला आलं, शिरूरला का नाही?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे शेजारशेजारचे तालुके. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातलं महत्त्वाचं गाव होतं शिरूर, म्हणजे घोडनदी. तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईत उतरलेली कंपनीची तुकडी शिरूरहूनच पुण्याकडे निघाली होती. पुणे-नगर रस्त्यावरचं ठिकाण असल्यामुळे शिरूरचं वजन होतं.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनीने पुढची कामं धडाक्यात सुरू केली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आणि पुणे ते डिकसळ हे मार्ग सुरू झाले. १८६० मध्ये रूळ सोलापूरला पोहोचले. हा मार्ग शिरूरच्या दक्षिणेकडून, दौंडवरून गेला.

गंमत म्हणजे बोरघाटातला मार्ग तयार व्हायला १८६३ साल उजाडलं. म्हणजे मधली काही वर्षं घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली अशी एकाच कंपनीची दोन तुटक रेल्वे चालत होती. घाटमाथ्यावरचं इंजिन बिघडलं तर ते रुळावरून मुंबईला नेण्याची सोयच नव्हती. त्यामुळे इंजिनांची देखभाल वर, दख्खनमध्येच करणं भाग होतं.

दौंडचं खरं भाग्य उघडलं ते १८७८ मध्ये. त्या वर्षी दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले होते. सुमारे २३७ किलोमीटरच्या या मार्गाने मोठं काम केलं. मुंबईहून भुसावळकडे जाणारी आणि मुंबईहून सोलापूरकडे जाणारी, अशा दोन मुख्य मार्गांना त्याने घाटाच्या वरच्या बाजूला जोडलं. उत्तरेकडचा माल दक्षिणेला न्यायचा तर थळघाट उतरून मुंबईकडे जायचं आणि पुन्हा बोरघाट चढायचा, ही कटकट संपली.

पुढे १९१४ मध्ये दौंड-बारामती ही नॅरोगेज लाइन आली. तीन दिशांच्या ब्रॉडगेज गाड्या, चौथी छोटी लाइन, आणि शेजारी भीमा नदी. इंजिनांच्या मुक्कामासाठी यापेक्षा चांगली जागा कुठली? शिरूर गाव मात्र रस्त्यावरचंच राहिलं. तिथे आजही रेल्वे नाही.

इंजिनाला मुक्काम लागायचाच कशाला?

वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवर बसवलेली प्रचंड भट्टी आणि पाण्याची बंद टाकी. भट्टीत कोळसा जळतो, गरम वायू बॉयलरमधल्या नळ्यांतून धावतात, भोवतीच्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. चाकं फिरतात.

पण कोळसा जळला की राख उरते. कोळसा हलका असेल तर राख वितळून तिचे दगडासारखे गठ्ठे होतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. हे गठ्ठे जाळीवर बसले की खालून हवा येत नाही, आग मंदावते, वाफ कमी पडते. गाडी चढावर अडकू शकते. म्हणून काही तासांच्या धावेनंतर आग साफ करणं अटळ होतं.

दुसरी अडचण म्हणजे हे इंजिन बटण दाबून चालू होत नाही. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला सहा-आठ तास सहज जायचे. घाई केली तर एक भाग तापून फुगतो, दुसरा थंडच राहतो आणि जोड गळायला लागतात. त्यामुळे पहाटे पाचची गाडी असेल तर तिच्या इंजिनाची आग आदल्या रात्रीच पेटलेली असायची. शेडला रात्र नव्हती आणि रविवारही नव्हता.

आत आलेल्या इंजिनाचं काय व्हायचं?

शेडची रचना समजून घ्यायची तर एका इंजिनामागे चालत जावं. साधारण क्रम असा असायचा.

राखेचा खड्डा: रुळांच्या मधोमध विटा-दगडांनी बांधलेला लांब खड्डा. इंजिन त्यावर उभं राहायचं. लांब लोखंडी सळ्यांनी आग उकरून क्लिंकर फोडायचे आणि राख खाली पाडायची. पुढचं गोल दार उघडून धुराच्या कप्प्यात साठलेली काजळी आणि अर्धवट जळलेली कोळशाची पूड फावड्याने बाहेर काढायची. लाल निखाऱ्यांवर पाणी मारलं की वाफ आणि गंधकाचा उग्र वास उठायचा. शेडमधलं सगळ्यात त्रासाचं काम हेच.

कोळशाचा धक्का: राख निघाली की कोळसा. दख्खनच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही, तो दूरच्या खाणींमधून वाघिणींनी यायचा. वाटेत खोळंबा झाला तर गाड्या बंद पडू नयेत म्हणून शेडमध्ये मोठा साठा ठेवावा लागायचा. साठा तरी जपून ठेवावा लागायचा, कारण फार उंच रचलेला कोळसा आतल्या आत तापून पेटू शकतो. टेंडरमध्ये कोळसा चढवायला कुठे क्रेन असायची, कुठे टेंडरच्या उंचीचा धक्का बांधून डोक्यावरच्या पाट्यांनी भरणा चालायचा.

वाळूची भट्टी: हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरतात. त्यावर उपाय म्हणून इंजिनातून चाकांपुढे बारीक वाळू सोडली जायची. पण ही वाळू पूर्ण कोरडी लागते. जरा दमट असली तरी नळीत गोळा होऊन अडकते. म्हणजे पावसाळ्यात वाळूची सगळ्यात जास्त गरज आणि तेव्हाच ती सगळ्यात ओली! म्हणून शेडमध्ये वाळू भाजून, चाळून ठेवण्याची वेगळी भट्टी असायची.

पाण्याचा हिशोब

एक किलो कोळशातून साधारण सहा-सात लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे दहा टन कोळसा जाळायचा तर साठ-सत्तर हजार लिटर पाणी लागणार. स्वातंत्र्यानंतर मेल-एक्सप्रेस ओढणाऱ्या प्रसिद्ध डब्ल्यूपी इंजिनाच्या टेंडरमध्ये पाणी मावायचं सुमारे २५ हजार लिटर.

या आकड्यांतच जुन्या स्टेशनांचं एक कोडं सुटतं. कोळसा एकदा भरला की लांबची मजल निघायची, पण पाणी वाटेत दोन-तीनदा घ्यावं लागायचं. म्हणून कोळशाची सोय फक्त शेडमध्ये, आणि पाण्याच्या उंच टाक्या मात्र मधल्या छोट्या स्टेशनांवरही. फलाटाच्या टोकाला उभे असलेले सोंडेसारखे फिरते लोखंडी नळ त्यासाठीच असायचे. चार-पाच मिनिटांत टेंडर भरलं नाही तर गाडीला उशीर, त्यामुळे टाकी उंच आणि नळ जाडजूड.

पाणी नुसतं भरपूर असून भागत नव्हतं, ते चांगलंही लागायचं. दख्खनमधल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. घरातल्या पातेल्यात तळाशी पांढरा थर बसतो, तसाच बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर बसतो. थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कोळसा जास्त जळतो आणि धातू मर्यादेबाहेर तापतो. त्यामुळे मोठ्या शेडमध्ये पाण्यावर रसायनांची प्रक्रिया व्हायची आणि ठराविक दिवसांनी प्रत्येक इंजिन बॉयलर धुण्यासाठी बाजूला काढलं जायचं. आग विझवायची, बॉयलर हळूहळू थंड करायचा, झाकणं उघडून जोरदार पाण्याने आतला गाळ धुवायचा, तपासणी करायची आणि पुन्हा आग पेटवायची. इंजिनाचा एखादा दिवस यात जायचाच.

हे काम टाळलं तर काय? भट्टीच्या छताला शिशाचा एक छोटा बूच बसवलेला असायचा. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं की छत उघडं पडून तापायचं, शिसं वितळायचं आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना द्यायची. तेही दुर्लक्षित झालं तर छत कोसळून स्फोट. इंजिनावरच्या दोन-तीन माणसांचा जीव शेडमधल्या फिटर आणि बॉयलरवाल्यांच्या हातात असायचा, तो असा.

तोंड फिरवायचं कसं?

आता दौंडच्या त्या कोड्याकडे. वाफेचं इंजिन उलटं चालू शकतं, पण तेव्हा पुढे टेंडर येतं. ड्रायव्हरला समोरचं नीट दिसत नाही, कोळशाची पूड डोळ्यांत उडते आणि वेगावर मर्यादा येते. त्यामुळे दिशा बदलणाऱ्या जंक्शनवर इंजिन वळवण्याची सोय असणं गरजेचं.

याचे दोन मार्ग होते. पहिला टर्नटेबल. गोल खड्ड्यात मधल्या खुंटावर फिरणारा पूल आणि त्यावर रूळ. इंजिन वर चढवायचं, वजन दोन्ही बाजूंना सारखं येईल असं उभं करायचं आणि पूल फिरवायचा. तोल बरोबर साधला तर शंभर टनांच्या वरचं धूडही मोजकी माणसं हाताने ढकलून फिरवू शकत. पण इंजिनं मोठी होत गेली तशी जुनी टर्नटेबलं अपुरी पडली. डब्ल्यूपी इंजिन टेंडरसकट जवळपास २४ मीटर लांब होतं.

दुसरा मार्ग म्हणजे रुळांचा त्रिकोण. इंजिन एका बाजूने पुढे जातं, दुसऱ्या बाजूने मागे येतं आणि तिसरी बाजू पार केली की तोंड आपोआप फिरलेलं असतं. यात बिघडण्यासारखं यंत्र काहीच नाही, पण जागा मात्र भरपूर लागते.

छप्पर गोल की सरळ?

शेडच्या इमारतीचे मुख्य दोन प्रकार. गोल शेडमध्ये मधोमध टर्नटेबल आणि भोवती पंख्याच्या काड्यांसारखे रूळ. प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे बाहेर काढता येतं, हा फायदा. पण टर्नटेबल अडकलं की आतली सगळी इंजिनं एकदम कैदेत!

सरळ शेडमध्ये समांतर रूळ आणि वर लांब छप्पर. भारतात हाच प्रकार जास्त दिसतो. बांधायला स्वस्त, लांबी वाढवायला सोपा. अडचण एवढीच की मागच्या इंजिनाला निघायचं असेल आणि पुढचं उघडून ठेवलेलं असेल तर पंचाईत. म्हणून कुठलं इंजिन कुठल्या रुळावर, कितव्या नंबरला उभं करायचं हे ठरवणं हीच एक कला होती. रूळ दोन्ही टोकांना उघडे ठेवले की ही अडचण बरीच कमी व्हायची.

छप्पर उंच ठेवून वर धूर जाण्यासाठी पन्हाळी आणि झरोके ठेवत. कोळशाच्या धुरातलं गंधक दमट हवेत आम्लासारखं वागतं आणि लोखंड खाऊन टाकतं. खाली रुळांच्या मध्ये तपासणीचे खड्डे, कारण इंजिनाची निम्मी यंत्रणा पोटाखाली. चाकांची जोडी काढायची असेल तर ती खाली उतरवण्यासाठी वेगळा खोल खड्डा असायचा. म्हणजे अख्खं इंजिन उचलावं लागत नसे.

शेड म्हणजे माणसं

इंजिनाच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि फायरमन दिसायचे. त्यांच्यामागे क्लीनर, खलाशी, फिटर, बॉयलरमेकर, लोहार, कोळसा भरणारे, राख उपसणारे, स्टोअरचे कारकून आणि सगळ्यांवर लोको फोरमन अशी फौज असायची. नोकरीची शिडी ठरलेली होती. इंजिन पुसणारा क्लीनर फायरमन व्हायचा, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजरचा, आणि शेवटी मेल गाडीचा. या शिडीवर चढायला उभं आयुष्य जायचं. इंग्रजी राजवटीत वरच्या पायऱ्यांवर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींचा वरचष्मा होता. दौंडची जुनी रेल्वे कॉलनी आणि तिथली अँग्लो-इंडियन वस्ती ही त्याच काळाची देणगी.

घरोघरी फोन नव्हते, म्हणून ड्युटीचा निरोप घेऊन कॉलमन सायकलवर दारात यायचा. रात्री दोनला कडी वाजली की फायरमनने उठून निघायचं. बाहेरगावी गेलेल्यांसाठी रनिंग रूम असायची, तिथे चार तास पाठ टेकायची आणि दुसरी गाडी घेऊन परत.

ही ड्युटी किती तासांची असावी, यावरून मोठा संघर्ष झाला. गाडी रखडली की सलग चौदा-पंधरा तासही भट्टीसमोर जायचे. १९७३ मध्ये देशभरातल्या लोको रनिंग स्टाफने आंदोलन केलं, त्यात ड्युटीला दहा तासांची मर्यादा हा कळीचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी ८ मे १९७४ ला सुरू झालेला आणि सुमारे २० दिवस चाललेला देशव्यापी रेल्वे संप इतिहासात नोंदला गेला. कामाचे तास ही त्यातलीही एक मुख्य मागणी होती.

मग हे सगळं गेलं कुठे?

१९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा मुंबई-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आलेली होती. पण पुण्याच्या पुढे दौंडपर्यंत विजेच्या तारा पोहोचायला एकविसावं शतक उजाडलं. त्यामुळे पुण्याच्या पूर्वेला वाफेचं राज्य आणखी काही दशकं टिकलं. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७२ मध्ये शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं आणि १९९५ च्या अखेरीस भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची वाफेची नियमित वाहतूक थांबली.

डिझेल इंजिनाला राखेचा खड्डा नको, कोळशाचा धक्का नको, पाण्याची सोंड नको, टर्नटेबलही नको. ते शेकडो किलोमीटर न थांबता जातं. म्हणजे नुसतं इंजिन बदललं नाही, तर दर दीड-दोनशे किलोमीटरवर शेड असण्याचं कारणच संपलं. राख उपसण्यासारखं छाती जाळणारं काम गेलं, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर बॉयलरमेकरसारखी कसबंही गेली आणि शेडच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावांचा दिनक्रमही बदलला.

इंजिनं बऱ्यापैकी जपली गेली. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, नागपूरचं मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय, अनेक स्टेशनांबाहेर रंगवून उभी केलेली इंजिनं आपण पाहतो. शेडचं तसं झालं नाही. हरियाणातल्या रेवाडीसारखं वाफेचं जुनं शेड वारसा म्हणून जिवंत ठेवल्याचं उदाहरण विरळाच. बाकी ठिकाणी लोखंड भंगारात गेलं, खड्डे बुजले, जागा दुसऱ्या कामाला लागली.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या जुन्या जंक्शनवर गाडी रेंगाळली तर खिडकीबाहेर जरा नीट बघा. फलाटाच्या टोकाचा गंजलेला जाड नळ, गवतात दडलेला गोल खड्डा, उंच खांबांवरची लोखंडी टाकी, कुठेच न जाणारे दोन-तीन रूळ. तिथे कधीकाळी रात्रभर आग पेटती असायची. आणि त्या आगीची सवय असलेले हात अजून काही घरांत आहेत. तुमच्या घरात किंवा गल्लीत असा कोणी निवृत्त फायरमन, फिटर किंवा खलाशी असेल, तर त्यांच्याकडून शेडचा नकाशा एकदा कागदावर काढून घ्या. बऱ्याच शेडच्या बाबतीत तेवढीच खूण मागे राहणार आहे.